सुनेची सोयरीक

त्या वर्षी उन्हाळा सरता सरत नव्हता. विहिरीने तळ दाखवला होता आणि गावात पाणी यायचं ते टँकरने, तेही टँकरवाल्याच्या मर्जीने. त्याचा भोंगा वाजला की घराघरांतून बादल्या, घागरी, डबे धावत सुटायचे आणि मागून माणसं. त्या गर्दीत सांडलवंड होऊन रस्त्यावर तेवढा एक चिखल झाला होता. अख्ख्या गावात ओली जागा ती एवढीच, आणि जिजीचा पाय नेमका तिथे पडला.

पडली ती उजव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज तिचा तिलाच ऐकू आला, वाळकी काटकी मोडावी तसा. पण ती ओरडली ते, "पाणी सांडलं गं!"

हाताला कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर बसलं. दूध काढायचा हात तोच. वैरण तोडायचा, शेण भरायचा, केस विंचरायचाही तोच. घरात जिजी एकटी. गोठ्यात एक पारडी, एक भाकड म्हैस आणि एक दुभती. दुभतीचं नाव मालकीण. तिच्या मर्जीशिवाय गोठ्यात माशीही हलत नसे. जिजीखेरीज कोणी कासेला हात लावला की ती दूध चोरायची आणि वर लाथ घालायची.

शेजारणीने परस्पर दोन फोन केले. एक जिजीच्या मुलाला, शहरात. दुसरा सुनेला.

"दोघांना करायला तुला कोणी सांगितलं होतं?" जिजी कण्हत म्हणाली.

"मग काय एकालाच करू? उद्या तुम्हीच म्हणाल, दुसऱ्याला का नाही केला."

आता ती सून कायद्याने सून राहिली नव्हती. काडीमोड होऊन बराच काळ लोटला होता. पण जिजीच्या तोंडी तिच्यासाठी दुसरा शब्द नव्हता, तेव्हा आपणही सूनच म्हणू. मुलगा ट्रकवर ड्रायव्हर. महिन्यातले चार दिवस घरी, तेही झोपेत. त्या दोघांचं भांडण असतं तर जिजीने कधीच मिटवलं असतं, भांडणं मिटवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण भांडण नव्हतंच. दोन पाहुणे एका घरात राहावेत तशी दोघं राहत होती, "घ्या ना", "नको, तुम्ही घ्या" करत. एके दिवशी दोघांनी मिळून जिजीला सांगितलं, आणि सांगतानाही एकमेकांना बोलू देत होते. सून मुलीला घेऊन मोठ्या रस्त्यावरच्या बाजारगावात खोली करून राहिली. शिवणकाम करू लागली. मुलगा शहरात एका बाईबरोबर राहू लागला. ती बाई बेकरीत पाव भाजायची. लग्न केलं होतं की नव्हतं, ते जिजीने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

फोन गेला त्याच संध्याकाळी सून बसमधून उतरली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात नात. नातीच्या शाळेला सुट्टी होती. सुनेने चप्पल काढली, जिजीच्या प्लास्टरकडे एकदा पाहिलं आणि खुंटीवरचा फडका घेतला. जिजी गोठ्यात जाताना डोक्याला बांधायची तो. शेणाचा, दुधाचा, जिजीच्या घामाचा वास त्यात मुरलेला. तो डोक्याला बांधून, जिजीचा जुना ढगळ अंगरखा चढवून सून मालकिणीपाशी बसली. मालकिणीने मान वळवून हुंगलं. फसली म्हणा की फसून घेतलं म्हणा, पान्हा सोडला. बादलीत धार वाजू लागली तशी आत खाटेवर पडलेल्या जिजीने डोळे मिटले. मोडल्यापासून हात पहिल्यांदाच जरा कमी ठणकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा दारात उभा. स्वयंपाकघरातून जुनी बायको राखेचे हात घेऊन बाहेर आली.

"कधी आलीस?"

"काल."

"बरं झालं," तो म्हणाला आणि बॅग खाली ठेवायची की हातात धरायची, हे न कळून तसाच उभा राहिला. त्याच्या मागे एक रुंद हाडाची, रुंद मनगटांची बाई उभी होती.

"सरका जरा, उन्हात किती वेळ उभी करणार?" ती म्हणाली. आवाज खणखणीत. यंत्रांच्या घरघरीत बोलून बोलून तिला हळू बोलता येत नसे. तीच पाववाली.

जिजीने तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. पाववाली खाटेपाशी आली, वाकून प्लास्टरबाहेर आलेली बोटं दाबून पाहिली. "सुजलीत. हात उशीवर वर ठेवायला हवा." आणि न विचारता उशी सरकवली. बोटांची ओढ खरंच कमी झाली, त्यामुळे जिजीला आणखीच राग आला.

मुलाला परतायचं होतं, माल भरून गाडी उभी होती. "आई, मी म्हणतो, म्हशी विकून टाकू. व्यापाऱ्याला विचारतो. तू शहरात चल."

"मला विक आधी."

"असं काय बोलतेस? कोण करणार इथे?"

"मी आहे पोरीची शाळा सुरू होईपर्यंत," सून म्हणाली.

"मीपण राहते," पाववाली म्हणाली. "सुट्टी टाकून आलेय. दोघी असलो की काम हलकं."

मुलाने एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. ट्रक घाटात अडकला तरी त्याचा चेहरा असा होत नसे. "मग मी जातो," म्हणाला आणि खरंच घाईने गेला. त्याची पाठ वळली तशी दोघींची नजरानजर झाली आणि सुनेने ओठ दाबून हसू आवरलं. जिजीने ते पाहिलं.

दिवस कामाला लागले. पहाटे गोठा झाडायचा, शेण पाटीत भरून उकिरड्यावर टाकायचं. भोंगा वाजला की पळायचं. वैरण कुठेच मिळत नव्हती. शेताच्या बांधावरचा वाळका पाला, झाडांच्या फांद्या, जे मिळेल ते कोयत्याने तोडून आणायचं. उन्हाने सुनेची मान करपली. पाववालीच्या तळहातांना भट्टीचे जुने चट्टे होतेच, त्यावर कोयत्याचे नवे फोड आले.

दूध काढायलाही ती शिकायला बसली. फडका बांधला, अंगरखा घातला, पण तिचा हात कणिक तिंबल्यासारखा पडला. मालकिणीने लाथ झाडली. बादली एकीकडे, बाई दुसरीकडे.

"कणिक नाही ती!" खाटेवरून जिजी ओरडली.

"ते तिला सांगा, मला लाटलं तिने!" गोठ्यातून उत्तर आलं.

नात हसून हसून जमिनीवर लोळली. जिजीलाही हसू आलं होतं, पण तिने ते खोकल्यात घालवलं.

अवघड होती ती आंघोळ. सून सकाळी वैरणीला जायची, म्हणून पाणी घालायचं काम पाववालीकडे आलं. पाणी तर मोजकंच. एका तांब्यात पाठ, एका तांब्यात पाय. जिजीने आयुष्यात कोणापुढे अंग उघडं केलं नव्हतं. डाव्या हाताने ती छाती झाकून पाटावर बसायची, दात आवळून. पाववाली तिच्याकडे न बघता बडबडत राहायची. मालक कसा पिठात माप मारतो, भट्टीच्या धगीने भुवया कशा दोनदा जळाल्या, ओला फडका कसा पिळायचा. बडबडता बडबडता आंघोळ उरकलेली असायची.

एकदा जिजी म्हणाली, "तुझी आई कुठे असते?"

"होती. शेवटची दोन वर्षं अंथरुणावरच होती. मीच करायचे सगळं. म्हणून हाताला सवय आहे." मग तिने टॉवेल जिजीच्या खांद्यावर टाकला. "लाजू नका. म्हातारपण काय, सगळ्यांचं सारखंच दिसतं."

"म्हातारी कोण?" जिजी म्हणाली. पण दुसऱ्या दिवशीपासून छातीवरचा हात तिने मांडीवर ठेवला.

एका दुपारी जिजीचा डोळा लागला होता. बाहेर ओट्यावर दोघी वैरण निवडत होत्या.

"घोरतो का अजून?" सून विचारत होती.

"घोरतो? अहो, चढणीवर गिअर टाकल्यासारखा! मधेच बंद पडला की मीच घाबरून उठते."

"कुशीवर वळवायचा. पाठीत उशी द्यायची. मला फार उशिरा सुचलं ते."

दोघी इतक्या हसल्या की पलीकडून शेजारीण डोकावली. जिजी आत जागी झाली होती. आपल्या लेकाची अशी थट्टा ऐकून तिला राग यायला हवा होता. पण काळजात टोचलं ते वेगळंच. सून अशी खळखळून तिच्याजवळ कधी हसली नव्हती.

आणि त्याच हसण्याच्या ओघात पाववाली बोलून गेली, "आणि तुमचा गवंडी? तो घोरतो की नाही?"

"हळू बोल ना गं! आत झोपल्यात त्या."

जिजी उठून बसली. प्लास्टरचा हात खाटेच्या कडेवर आपटला. "गवंडी कोण?"

सून दारात आली, हातातला वाळका पाला तसाच. बाजारगावात तिच्या खोलीसमोर शाळेचं बांधकाम चाललं होतं, तिथला गवंडी. बायको वारलेली, मूलबाळ नाही. सदऱ्याचा फाटका खिसा शिवून घ्यायला आला. मग दुसरा खिसा. मग जे फाटलं नव्हतं तेही घेऊन यायला लागला.

"लग्न करायचं म्हणतो," सून म्हणाली. "मी हो म्हटलंय."

"हिला माहीत होतं," जिजीने बाहेर ओट्याकडे बोट केलं.

"हिला सांगणं सोपं होतं."

"आणि मी? मी कोण, वाटेवरची?"

जिजी भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. त्या संध्याकाळी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी कोणाशी बोलली नाही. आंघोळीला पाटावर बसली तीही दगडासारखी. पाववालीने पाठीवर पाणी घातलं आणि पहिल्यांदाच बडबडली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "चूक माझी आहे. माझं तोंड भट्टीसारखं आहे, बंद होत नाही. तिच्यावर राग काढू नका. कसं सांगायचं, याचीच ती रोज घोकंपट्टी करत होती."

"सुखाने जाऊ दे तिला. मी काय धरून ठेवलंय?" जिजी म्हणाली आणि तिचा आवाज मोडक्या हातासारखाच निघाला. "नवा माणूस, नवं घर. मग हा उंबरठा कशाला आठवेल? पोरगीही तिकडेच रमेल. मालकीण विकायची म्हणतो ना तो, विकू दे."

दुपारी सून येऊन खाटेच्या पायथ्याशी बसली. बराच वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली.

"त्याला रीतसर विचारायला यायचंय," ती म्हणाली. "मी भावाला फोन केला होता. भाऊ म्हणाला, तुझं तू बघ, मला यात ओढू नको. तो गवंडी साधा आहे. म्हणतो, कोणाला तरी विचारल्याशिवाय कसं करायचं, तुमचं कोणी मोठं असेलच ना?"

जिजीने मान तिच्याकडे वळवली.

"मी म्हटलं, आहे."

बाहेर पारडी ओरडली. जिजीने डाव्या हाताने डोळ्यांवरून घाम पुसला, किंवा घामासारखं जे काही होतं ते.

"येऊ दे," ती म्हणाली. "पण धारेच्या वेळेला नको. मालकिणीला पाहुणे खपत नाहीत."

गवंडी आला तेव्हा नेमका मुलगाही घरी होता. गाडी दुरुस्तीला टाकून आला होता. त्याला कळलं तसा तो म्हणाला, "मी बाहेर जाऊन येतो."

"कुठे जातोस? बस घरात," जिजी म्हणाली. "मुलीकडे पुरुषमाणूस नको का कोणी?"

"आई, मी?"

"मग काय मालकिणीला बसवू? जा, चहा ठेव."

शेजारीण कुंपणावरून मान लांब करून उभीच होती. "कोण पाहुणे आलेत हो?"

जिजी ओट्यावर बसली होती. पाववालीने तिचे केस घट्ट विंचरून दिले होते, प्लास्टरवरून स्वच्छ शाल घातली होती. ती मोठ्याने म्हणाली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, "आमच्या मुलीला मागणी घालायला आलेत!"

शेजारणीचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

गवंडी आत आला. उन्हाने रापलेला, चुन्याने नखं कायमची पांढरी झालेली. खुर्चीच्या टोकावर टेकला आणि त्याची नजर सारखी समोरच्या भिंतीवर जात राहिली.

"भिंतीकडे काय बघता? इकडे बघा," जिजी म्हणाली.

"ओळंब्यात नाही ती," तो ओशाळून म्हणाला. "बाहेर झुकलीय. सवय आहे, डोळा जातोच."

"भिंतीचं नंतर. तुमचं काय झुकलंय ते सांगा."

गवंडी हसला नाही. त्याने खरंच विचार केला. "डाव्या कानाने कमी ऐकू येतं. भूक लागली की चिडतो. दारू नाही. विडी आहे, ती सुटत नाही. पहिली बायको आजारी होती तेव्हा मी कामावर जास्त राहायचो. घरी बघवत नव्हतं म्हणून. ते चुकलं माझं."

आतल्या दाराशी सून उभी होती. तिने हे आधी ऐकलेलं असावं, कारण ती खाली बघत होती. जिजीचा स्वर जरा उतरला.

"पोरीचं काय?"

"पोरगी तिच्या बापाची आहे. ते मी बदलणार नाही. आमच्या घरात तिला एक माणूस जास्त मिळेल, एवढंच."

मुलगा तेवढ्यात कपबशा घेऊन दारात आला होता. तो तिथेच थांबला.

"आणि ही," जिजीने सुनेकडे मान वळवली. बोलायचं ठरवून ठेवलेलं तिला आता आठवेना. "हिला इकडे यावंसं वाटलं, म्हणजे मला बघायला, म्हशींना बघायला, तर तुम्ही विचारणार का, का चाललीस, तुझं कोण आहे तिथे?"

गवंडी गोंधळला. त्याने उजवा कान पुढे केला, प्रश्न नीट ऐकला की नाही म्हणून. मग म्हणाला, "माहेरी चाललीय, त्यात विचारायचं काय?"

पाववालीने पदराने की हाताने नाक पुसलं, त्याचा मोठा आवाज झाला. तिला काही हळू करताच येत नसे. मुलाने कप गवंड्यापुढे धरला. दोघांची नजर क्षणभर भिडली.

"साखर कमी असेल तर सांगा," मुलगा म्हणाला.

"नाही, बरोबर आहे," गवंडी म्हणाला. त्याने अजून घोट घेतला नव्हता.

लग्न झालं ते पाऊस येऊन गेल्यावर. बांधावर हिरवं दिसू लागलं होतं, विहिरीत कमरेएवढं पाणी होतं. व्यापारी दोनदा येऊन गेला, जिजीने त्याला अंगणाच्या आत येऊ दिलं नाही. प्लास्टर निघालं होतं, आतून हात वाळक्या शेंगेसारखा निघाला. मूठ पुरती वळत नव्हती. मालकिणीला आता पाववालीचा हात चालू लागला होता. बेकरीच्या मालकाने फोन करून करून नाद सोडला, आणि ती परत कधी जाणार, हे ना तिने सांगितलं ना जिजीने विचारलं.

मुलाने ओळखीच्याकडून जीप आणली. जिजी पुढे बसली. मागे सून, तिच्या एका बाजूला पाववाली, मांडीवर नात. सुनेने नवे कपडे स्वतःच शिवले होते, आणि वाटेत पाववालीच्या लक्षात आलं की एका बाहीची शिलाई सुटलीय. "दुसऱ्यांचं शिवताना चुकत नाही, आज काय झालं?" म्हणत तिने धावत्या जीपमध्ये सुई-दोरा घातला. मुलगा आरशातून बघत होता.

"खड्डा आला तर सांग," पाववाली त्याला म्हणाली. "नाहीतर हिला टोचेल."

तो जीप बैलगाडीच्या चालीने नेऊ लागला.

कचेरीतलं काम लवकर उरकलं. गवंड्याची खोली जवळच होती. जिजीने आत जाऊन चूल पाहिली, खिडकी उघडून पाहिली, भिंत सरळ आहे का ते हाताने चाचपलं. नात शाळेच्या दिवसांत इथे, सुट्टीला जिजीकडे, असं ठरलं होतं. जिजीने सुनेच्या तोंडावरून हात फिरवला, डावाच, कारण उजवा अजून तेवढा उचलत नव्हता. सून तिच्या खांद्यात तोंड खुपसून रडली. मग जिजी म्हणाली, "चला, धारेची वेळ झाली," आणि कोणाकडे न बघता जीपमध्ये जाऊन बसली.

परतीच्या वाटेवर मागे पाववाली एकटीच, जागा मोकळी असून कडेला बसलेली. गाव दिसू लागलं तसं जिजीच्या तोंडून हुंदका फुटला, आणि एकदा फुटल्यावर थांबेना. मुलाने जीप कडेला घेतली.

"आई, अगं रडतेस काय अशी? चांगला माणूस आहे तो."

"चांगलाच आहे," जिजी नाक ओढत म्हणाली. "म्हणून तर रडतेय. वाईट असता तर परत घेऊन आले असते."

मुलगा हसला, पण हसताना त्याने तोंड खिडकीबाहेर केलं आणि ते लवकर आत घेतलं नाही. मागून पाववालीने हात लांबवून पाण्याची बाटली पुढे दिली, आधी म्हातारीला, मग त्याला. मग जीप निघाली, यावेळी नेहमीच्या वेगाने.